वजन गेले, तरी धातू मिसळले नाहीत

मे १९७६ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स तळावरून एक ब्लॅक ब्रँट रॉकेट सुटले. ते वातावरणाबाहेर गेले आणि थोड्याच वेळात हवाईछत्रीला लटकत वाळवंटात परत उतरले. त्या फेरीत सुमारे पाच मिनिटे आतल्या सामानाला जवळजवळ वजन नव्हते. सामानात छोट्या विजेच्या भट्ट्या होत्या, भट्टीत मूस होती आणि मुशीत अ‍ॅल्युमिनियम व इंडियम यांचा तापलेला रस. हे दोन धातू पृथ्वीवर एकत्र नांदत नाहीत. वजनच उरले नाही तर नांदतील, अशी धातुशास्त्रज्ञांची पक्की अपेक्षा होती. या पाच मिनिटांनी ती मोडली. पुढची वीस वर्षे संशोधक या अपेक्षाभंगाचे कारण शोधत राहिले. अवकाशातल्या धातुकामाच्या इतिहासात मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आधी या धातूंचे भांडण काय ते पाहू. तांबे आणि जस्त वितळवून एकत्र केले की पितळ होते, कारण त्यांचे रस एकमेकांत पूर्ण विरघळतात. सगळ्या जोड्या अशा नसतात. शिसे आणि जस्त, अ‍ॅल्युमिनियम आणि शिसे, अ‍ॅल्युमिनियम आणि बिस्मथ, अ‍ॅल्युमिनियम आणि इंडियम या जोड्या खूप तापवल्या तरच एकजीव होतात. शिसे-जस्ताचा रस सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या वर एकजीव असतो. तो त्याखाली आला की रसाच्या पोटात दुसऱ्या रसाचे बारीक थेंब फुटू लागतात. अजून काहीही गोठलेले नसते, पण एका द्रवाचे दोन द्रव झालेले असतात. मग जड थेंब खाली बसतात आणि हलका रस वर राहतो. शिजलेले वरण न घोटता ठेवून दिले की डाळ तळाशी आणि पाणी वर, तसाच हा प्रकार. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ आणि इंडियमची ७.३. हिशेब केला तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी त्रिज्या असलेला इंडियमचा थेंब वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर या वेगाने बुडतो. बोटभर उंचीच्या मुशीत हा खेळ मिनिटा-दोन मिनिटांत आटोपतो. ओतलेली लगड कापली तर वर एक धातू, खाली दुसरा आणि मध्ये सरळ रेघ दिसते.

या फारकतीचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. अलेक्झांडर पार्क्स या इंग्रजाने १८५० मध्ये शिशातली चांदी काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. चांदीमिश्रित शिशाच्या रसात जस्त घालायचे. चांदीला शिशापेक्षा जस्त जवळचे, म्हणून ती जस्तात जाते. जस्त शिशात मिसळत नाही आणि हलके असल्याने वर तरंगते, ते काढून घ्यायचे. वेगळे करायचे असेल तेव्हा गुरुत्व असे फुकट राबते.

पण हे धातू एकत्र हवे असतील तर काय? इंजिनाचा दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथे कठीण धातूच्या अंगात मऊ धातूचे बारीक कण सगळीकडे सारखे विखुरलेले असावे लागतात. कठीण धातू भार घेतो, मऊ धातू वंगणासारखा वागतो आणि तेल क्षणभर कमी पडले तरी दांडा पकडला जात नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये शिसे किंवा बिस्मथ असे विखुरता आले, तर हलके आणि टिकाऊ बेअरिंग मिळते. नेहमीच्या ओतकामात शिसे तळाशी जाऊन बसते. दोष गुरुत्वाचा आहे, तेव्हा गुरुत्व काढून टाका, हा विचार १९६० च्या दशकाच्या शेवटी फार सरळ आणि मोहक वाटत होता.

अवकाशात धातू पहिल्यांदा वितळवला तो सोव्हिएत संघाने. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी सोयुझ ६ या यानात व्हालेरी कुबासोव्ह यांनी 'व्हल्कान' नावाचे यंत्र चालवले. कीव्हच्या पातोन वेल्डिंग संस्थेने ते बनवले होते. यानाच्या पुढच्या कक्षातली हवा काढून टाकली होती. कुबासोव्ह आणि गेओर्गी शोनिन शेजारच्या कक्षात बसले होते आणि यंत्र दुरून चालवले जात होते. वेल्डिंग झाले, पण त्या भरात यानाच्या भिंतीलाच भोक पडायचे थोडक्यात टळले, ही गोष्ट बऱ्याच वर्षांनी बाहेर आली. पुढे फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून परतताना एका छोट्या तापकात न मिसळणाऱ्या पदार्थांचे नमुने वितळवून थंड केले. मे १९७३ मध्ये स्कायलॅब ही प्रयोगशाळा कक्षेत गेली आणि तिच्यात प्रथमच एक खरीखुरी भट्टी होती. तिच्यात शिसे-जस्त-अँटिमनी, शिसे-कथील-इंडियम आणि सोने-जर्मेनियम असे नमुने वितळले. काही नमुन्यांत घटकांची विखुरण पृथ्वीवरच्या जोडीदार नमुन्यांपेक्षा अधिक एकसारखी निघाली. लोकांचा हुरूप वाढला. कक्षेत कारखाने उभारू, तिथून मिश्रधातू आणू, असे लेख त्या काळात अगदी गंभीरपणे लिहिले जात.

हुरूप वाढायला जमिनीवरचेही एक कारण होते. हंट्सव्हिलच्या नासाच्या मार्शल केंद्रात सॅटर्न ५ या महाकाय रॉकेटच्या चाचणीसाठी बांधलेला प्रचंड सांगाडा होता. त्यात नमुने वरून खाली सोडायची सोय केली गेली. पडणारी वस्तू पडेपर्यंत वजनरहित असते आणि इथे ती अवस्था चार सेकंदांहून थोडी जास्त टिके. लेसी आणि ऑटो या दोन संशोधकांनी गॅलियम आणि बिस्मथ यांचा रस अशा पडत्या पेटीत थंड केला. एरवी वेगळे होणारे हे धातू त्या चार सेकंदांत गोठले आणि बिस्मथचे बारीक कण गॅलियमभर सारखे पसरलेले मिळाले. १९७५ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. चार सेकंदांत हे साधते, तर पाच मिनिटांत काय साधणार नाही, असे कुणालाही वाटले असते. त्याच वर्षी जुलैमध्ये अपोलो आणि सोयुझ ही याने कक्षेत जोडली गेली, तेव्हाच्या प्रयोगांतही भट्टी होती आणि शिसे-जस्ताची जोडी होती.

अपोलो-सोयुझनंतर मात्र अमेरिकेकडे माणसांना वर नेणारे यान उरले नाही. स्पेस शटल यायला १९८१ उजाडायचे होते. मधली पोकळी भरण्यासाठी नासाने रॉकेटांची एक मालिका आखली. तिला 'स्पार' म्हणत आणि तिचे पहिले उड्डाण डिसेंबर १९७५ मध्ये झाले. सुरुवातीला सांगितलेले रॉकेट म्हणजे स्पार २. त्यातला अ‍ॅल्युमिनियम-इंडियमचा प्रयोग होता गेलेस आणि मार्कवर्थ यांचा. त्यांनी दोन प्रकारचे नमुने पाठवले. एकात वजनाने ४० टक्के इंडियम होते, दुसऱ्यात ७० टक्के. रस एकजीव होईल इतका तापवलेला, वर गेल्यावर थंड करायचा, आणि खाली येईपर्यंत तो गोठलेला असायला हवा.

नमुने उभे कापले, घासून आरशासारखे चकचकीत केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. जमिनीवर थंड केलेल्या नमुन्यात अपेक्षेप्रमाणे आडवी रेघ होती, खाली इंडियम आणि वर अ‍ॅल्युमिनियम. वर जाऊन आलेल्या नमुन्यात ती रेघ नव्हती, पण एकसारखी विखुरणही नव्हती. मधोमध अ‍ॅल्युमिनियमचा गाभा, भोवती मुशीच्या भिंतीला लागून इंडियमचे जाड वेष्टन. दोन्ही भागांच्या पोटात एकमेकांचे बारीक थेंब अडकलेले होते, एवढाच काय तो मिश्रणाचा पुरावा. धातू वेगळे झालेच होते, वरखाली होण्याऐवजी आतबाहेर झाले होते.

पहिली शंका अर्थातच प्रयोगाच्या हाताळणीवर आली. मुळात रस पूर्ण एकजीव झाला होता का? रॉकेट सुटताना बसलेल्या हादऱ्यांनी आणि त्याच्या स्वतःभोवती फिरण्याने आत प्रवाह उठले असतील का? या शंका रास्त होत्या. पण १३ डिसेंबर १९७७ रोजी स्वीडनमध्ये किरुनाजवळच्या एसरेंज तळावरून पश्चिम जर्मनीच्या 'टेक्सस' मालिकेतले पहिले रॉकेट उडाले. त्यात आल्बोर्न आणि ल्योबेर्ग यांचा अ‍ॅल्युमिनियम-इंडियमचाच प्रयोग होता. देश वेगळा, रॉकेट वेगळे, भट्टी वेगळी, आणि निकाल तोच: आत अ‍ॅल्युमिनियम, बाहेर इंडियम. १९७८ मध्ये गेलेस आणि मार्कवर्थ यांनी स्पार ५ वर काळजीपूर्वक पुन्हा प्रयत्न केला. धातू पुन्हा वेगळे झाले. तीन वेळा एकच उत्तर आल्यावर प्रयोगाला दोष देता येत नाही. वजनाच्या आड आणखी कुणीतरी काम करत होते.

त्यातले एक कारण कागदावर आधीपासून होते. १९५९ मध्ये यंग, गोल्डस्टीन आणि ब्लॉक या तिघांनी तेलातल्या बुडबुड्यांवर एक सुंदर प्रयोग केला होता. तेल खालून तापवले, तर वर जाऊ पाहणारे बुडबुडे जागच्या जागी अडवता येतात, तापमानाचा फरक वाढवला तर खालीही ओढता येतात. द्रवाच्या पृष्ठभागावर जो ताण असतो तो गरम बाजूला कमी आणि थंड बाजूला जास्त. थेंबाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड असली की त्याच्या कातडीवर गरमाकडून थंडाकडे ओढ लागते. भोवतीचा द्रव त्या ओढीने थंड बाजूला सरकतो आणि थेंब उलट गरम बाजूला ढकलला जातो. पृष्ठताणाच्या फरकाने होणाऱ्या या प्रवाहाला कार्लो मारांगोनी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याने १८६५ मध्ये पाव्हिया विद्यापीठात या विषयावर प्रबंध लिहिला होता.

जमिनीवरच्या मुशीत ही ओढ कुणाच्या लक्षात येत नाही, कारण थेंब त्याआधीच तळाशी गेलेला असतो. रॉकेटमध्ये वजन दहा हजार पटींनी उतरले की बुडण्याचा वेगही तितकाच उतरतो, पण मारांगोनीची ओढ तशीच्या तशी राहते. मूस बाहेरून थंड होते आणि मध्यभाग शेवटपर्यंत गरम असतो. म्हणून थेंब मध्यभागाकडे निघतात, वाटेत एकमेकांना गाठतात, मोठे होतात. मोठा थेंब आणखी वेगाने सरकतो. पाच मिनिटे त्यांना पुरेशी असतात. पडत्या पेटीतल्या चार सेकंदांत हा प्रवास झाला नव्हता. तिथले यश वजन नसण्याइतकेच घाईने गोठण्याचेही होते, हे आता कळले.

दुसरे कारण भिंतीत होते. मुशी अ‍ॅल्युमिनाच्या होत्या आणि इंडियमबहुल रस त्या भिंतीला अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त चिकटतो. योगायोग असा की १९७७ मध्येच जॉन कान या सिद्धांतकाराने दाखवून दिले होते की, दोन द्रव जिथे नुकतेच वेगळे होऊ लागतात त्या तापमानाजवळ त्यांपैकी एक द्रव भिंतीवर संपूर्ण पसरून बसतो आणि दुसऱ्याला तिथे जागाच देत नाही. इंडियम नेमके हेच करत होते. थेंब फुटायला सुरुवात होते त्याच क्षणी त्याने भिंत बळकावलेली असे. ग्रनोबलचे फ्रेंच संशोधक क्लोद पोतार यांनी यावरून मुशीच्या पदार्थाकडेच लक्ष वळवले. कोणता रस कोणत्या भिंतीला धरतो, हा तोपर्यंतचा दुय्यम प्रश्न पहिल्या क्रमांकावर आला.

पुढचे काम मोठे आहे, पण त्याचा वेग रॉकेटांच्या काळासारखा नाही. शटल आले, युरोपची स्पेसलॅब आली, भट्ट्या मोठ्या झाल्या आणि मिनिटांच्या जागी दिवस मिळू लागले. अमेरिकेतल्या क्लार्कसन विद्यापीठातले आर. शंकर सुब्रमण्यम यांनी १९९४ आणि १९९६ च्या शटल मोहिमांत धातू बाजूला ठेवून पारदर्शक तेलातले थेंब आणि बुडबुडे गरम बाजूला सरकताना चित्रित केले, म्हणजे सिद्धांत आकड्यांनी तपासता आला. १९९६ च्याच मोहिमेत अलाबामा विद्यापीठाचे बॅरी अँड्र्यूज यांनी अ‍ॅल्युमिनियम-इंडियम पुन्हा हाती घेतले. या वेळी मुशी अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडच्या होत्या, इंडियमला भिंत बळकावता येऊ नये म्हणून, आणि रस गोठताना पोकळ्या राहू नयेत म्हणून मागून स्प्रिंगचा दट्ट्या होता. अँड्र्यूज यांचा भिंतीला चिकटण्याविषयीचाच आणखी एक प्रयोग, पारदर्शक पदार्थ वापरून केलेला, १९ नोव्हेंबर १९९७ रोजी कोलंबिया यानातून वर गेला. कल्पना चावला यांचे ते पहिले उड्डाण. त्या उड्डाणाच्या आठवणी आपल्याकडे खूप सांगितल्या जातात. त्याच यानात न मिसळणाऱ्या द्रवांचा हा प्रश्नही प्रवास करत होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

भारताचा या क्षेत्राशी संबंध त्याही आधीचा आहे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा साल्युत ७ वर गेले, तेव्हाच्या कार्यक्रमात चांदी-जर्मेनियम मिश्रधातू वितळवून तो गोठणबिंदूच्या खाली द्रव कसा राहतो, हे पाहणारा प्रयोग होता. पुढे १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्हीने एसआरई-१ ही कुपी कक्षेत सोडली. तिच्यात एक भट्टी होती. सूक्ष्मगुरुत्वात धातू वितळवून पुन्हा गोठवण्याचा तिच्यातला प्रयोग बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अवकाश केंद्र यांनी मिळून आखला होता. २२ जानेवारीला कुपी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. बातम्या कुपी परत आणल्याच्या झाल्या आणि ते योग्यही होते, पण भट्टीकडे फारसे कुणी पाहिले नाही.

आणि बेअरिंगचे काय झाले? कक्षेतले कारखाने उभे राहिले नाहीत. किलोभर सामान वर नेण्याच्या खर्चापुढे कुठलेही बेअरिंग टिकले नसते. पण जर्मनीत प्रिन्झ, रोमेरो आणि लोरेन्झ राटके यांनी एक वेगळी दिशा धरली. वजन काढून टाकता येत नसेल तर त्याच्यासमोर मारांगोनीची ओढ उभी करा. अ‍ॅल्युमिनियम-बिस्मथचा किंवा अ‍ॅल्युमिनियम-शिशाचा रस उभ्या पट्टीच्या रूपात सलग ओतायचा आणि खालून झपाट्याने थंड करायचा. जड थेंब वजनामुळे खाली जाऊ पाहतो, वर गरम रस असल्यामुळे मारांगोनीची ओढ त्याला वर खेचते. तापमानाचा उतार पुरेसा तीव्र ठेवला आणि थंड करण्याचा वेग सांभाळला तर या दोन ओढी एकमेकींना अडवून धरतात आणि थेंब होता तिथेच गोठतो. ही पद्धत त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात रॉकेट लागत नाही. स्पार आणि टेक्ससच्या नमुन्यांत ज्या बलाने घात केला होता, तेच बल इथे कामाला लावले आहे.

१९७६ च्या उड्डाणाची नोंद अनेक आढाव्यांत अपयश म्हणून होते. माझ्या मते ते बरोबर नाही. जमिनीवरच्या ओतकामात गुरुत्वाच्या गोंगाटाखाली दबलेली दोन बले त्या कापलेल्या नमुन्यात पहिल्यांदा उघड्या डोळ्यांना दिसली, आणि गेलेस व मार्कवर्थ यांनी ती न लपवता छापली. स्पार मालिकेचे अहवाल नासाच्या तांत्रिक अहवालांच्या संग्रहात आज कुणालाही मोफत वाचता येतात. पुण्यात, नागपुरात धातुशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते काढून वाचावेत आणि त्यातली नमुन्यांच्या छेदांची छायाचित्रे नीट पाहावीत.